चाखून दिलेलं सूप

पेणला हायवेच्या कडेला ते काचेचं हॉटेल उघडून दोन वर्षं झाली असतील. पण बायको आधी नवऱ्याच्या पुढ्यातलं चाखते आणि मगच त्याच्याकडे सरकवते, असला प्रकार काउंटरवरच्या पोरींनी चंद्रावती यायला लागेपर्यंत पाहिला नव्हता. दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी साडेबाराच्या सुमाराला ती हिरामणला पुढे घालून दार ढकलायची, एसीच्या झोताखालची जागा टाळून कोपऱ्यातलं टेबल धरायची आणि मागवलेलं आलं की चमचा उचलायची. सूपचा एक घोट. सँडविचच्या कडेचा एक तुकडा. ताकाचा ओठ ओला होईल एवढाच घोट. मग डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि निकाल द्यायची, "अळणी हाय. खावा."

ज्या बाईने चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या आधी घास तोंडात घातला नाही, ती चारचौघांत त्याला आपलं उष्टं भरवू लागली होती. तिला स्वतःलाही सुरुवातीला लाज वाटली. पण वेळच तशी आली होती. हिरामणच्या दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या, ब्लडप्रेशर औषधांना दाद देत नव्हतं आणि वजन शहाऐंशी किलो होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ किलो उतरवा, तळलेलं बंद, साखर बंद. आणि मीठ? डॉक्टरांनी टेबलावरचा औषधाचा चिमुकला चमचा उचलून दाखवला. "दिवसभरात सगळं मिळून अर्धा. भाजी, आमटी, सगळ्यात मिळून."

चंद्रावतीला तेव्हा हसू आलं होतं. एवढं मीठ तिच्या घरात भाताच्या पहिल्या घासाला लागायचं.

आता यात तिचा काय दोष? दोघंही पेणच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या मिठागरावर जन्म काढलेली. पानात डाव्या बाजूला मिठाचा ढीग नसेल तर तिच्या माहेरी वाढलेलं पान पुरं झालं असं कुणी मानत नसे. त्यातून चंद्रावतीच्या जिभेला आगरात मान होता. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी आटत आलं, की मीठ धरायला अजून किती दिवस, हे ठरवायला मुकादम तिला हाक मारायचा. ती काठावर उकिडवी बसायची, बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, "अजून दोन दिस." आणि दोनच दिवस लागायचे. पुढे आगर बंद पडलं, पोरगा मितेश धाटावच्या एका कंपनीत लागला आणि म्हातारा-म्हातारी त्याच्यासोबत रोह्याला राहायला आली. पण जिभेचा तो मान चंद्रावतीने काही सोडला नाही. मिठाचं मला कुणी शिकवू नये, असं ती म्हणायची आणि ते कुणाला खोटं वाटायचं नाही.

काचेच्या हॉटेलात ती गेली तीही हौसेने नव्हे. पेणच्या हॉस्पिटलात किडनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचे आणि त्याच दोन दिवशी हिरामणला रक्त वाढायची सुई असायची. सुई झाली की जेवून लगेच गोळ्या. पहिले काही दिवस सून मृणालीने दिलेला डबा तिने हॉस्पिटलच्या बाकावर उघडला. अळणी भात, अळणी दुधी, अळणी वरण. हिरामणने दोन घास खाल्ले आणि डबा बाजूला ठेवला. घरी तरी सुनेकडे बघून तो कसाबसा गिळायचा. इथे बाकावर तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "नको मना. जीव नाय लागत." दोन आठवडे हेच चाललं. उपाशीपोटी गोळ्या घेऊन एकदा त्याला नागोठण्याच्या अलीकडे गाडीतच चक्कर आली, तेव्हा चंद्रावतीचं धाबं दणाणलं. काहीही करून या माणसाच्या पोटात अन्न गेलं पाहिजे, एवढं एकच तिला सुचत होतं.

तेव्हा तिने अभ्यास केला. हो, अभ्यासच म्हणायचा. मितेशने तिला फोनवर व्हिडिओ लावून दिले: बाहेर खाताना वजन कसं वाढू द्यायचं नाही, फास्ट फूडच्या दुकानात काय घ्यायचं, काय टाळायचं. तिने ते चार-चारदा पाहिले आणि पाठ केले. त्या हॉटेलातले तळलेले बटाटे ती मोबाइलमधल्या बाईसारखी हात हलवून नाकारायची. बर्गर नाही, कोल्ड्रिंक नाही, आइस्क्रीमकडे बघायचंसुद्धा नाही. त्याऐवजी टोमॅटोचं सूप, तेल न लावता शेकलेलं तपकिरी पावाचं सँडविच, मक्याचे उकडलेले दाणे आणि गोड पेयाच्या जागी मसाला ताक. काउंटरवरच्या ऋतुजाला तिने पहिल्याच दिवशी दम देऊन विचारलं होतं, "मीठ टाकता काय गो ह्यात?" ती पोरगी कामाच्या घाईत म्हणाली, "नाय काकी, सूप तयारच येतं, आम्ही वरून काही टाकत नाही." झालं. वरून नाही म्हणजे नाही. आणि खात्री करायला जीभ होतीच.

हिरामण खाऊ लागला. नुसता खाऊ लागला नाही, वाटी पुसून खाऊ लागला. त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली. चंद्रावतीला एवढं बरं वाटलं, की ती निघताना सूपचे दोन पुडे बांधून घ्यायला लागली, रात्री घरी गरम करून द्यायला. तेही ती आधी चाखायची आणि मगच त्याच्या हाती द्यायची. घरच्या अळणी जेवणावर पहिल्या दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरलेलं होतंच. आता या हॉटेलामुळे अन्नही अंगी लागेल, अशा भरवशावर ती होती.

आणि मार्चमधल्या त्या मंगळवारी डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरला.

"मागच्या वेळी क्रिएटिनिन तीन पॉइंट एक होतं," ते म्हणाले. "आता चार पॉइंट सहा. वजन तीन किलो वाढलंय आणि ते चरबीचं नाही, पाण्याचं आहे. पाय दाखवा." त्यांनी हिरामणच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "मीठ चाललंय, काकी. कुठून तरी भरपूर चाललंय. कोण रांधतं घरी?"

"सून," चंद्रावती म्हणाली. चार पॉइंट सहा? इतकं सांभाळून?

"असंच राहिलं तर महिन्याभरात डायलिसिसची मशीन लावावी लागेल. त्याआधी हाताची नस तयार करून ठेवायची, छोटं ऑपरेशन असतं. पुढच्या शुक्रवारी सही करा."

मशीन म्हटलं की हिरामणच्या डोळ्यांपुढे त्याचा चुलतभाऊ यायचा. त्याला आठवड्यातून तीनदा नेत होते आणि चौथ्या महिन्यात तो गेला. तेव्हापासून हिरामण म्हणत आला होता, मी मशीनवर झोपणार नाय, तसाच जाईन. आणि चंद्रावती प्रत्येक वेळी मनात म्हणायची, वेळच येऊ देणार नाही. आता वेळ दारात येऊन उभी होती.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन येईपर्यंत तिने मनात निकाल देऊन टाकला होता. हॉटेलात मी स्वतः चाखते. घरात कोण चाखतं? घरात सून रांधते. मृणाली रोह्याच्या आतल्या बाजूच्या गावची, भात-वाल पिकवणाऱ्या घरातली. हात सढळ. वर कनवाळू. सासरा अळणी खाताना तोंड वाकडं करतो हे तिला बघवत नसेल, टाकत असेल चोरून चिमूट. आणि एकदा संशय आला की त्याला पुरावे काय कमी? परवा वरण जरा बरं लागतं असं हिरामणच म्हणाला होता. बघा!

घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने पिशवी जमिनीवर ठेवली. मृणाली मशिनीवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत बसली होती.

"किती मीठ घालतेस गो तू यांच्या जेवणात?"

मृणालीला वाटलं, सासू थट्टा करते. ती हसली. "मीठ? कुठलं मीठ, आई?"

"हसू नको. डॉक्टरनी रिपोर्ट दाखवला. यांच्या पोटात मीठ जाताय. मी नाय देत. मंग कोन देताय?"

पोरीचा पाय मशिनीवरच थांबला. तिचा चेहरा असा झाला, की कुणी तोंडात मारलं असावं. चार महिने ती दोन चुली चालवल्यासारखी दोन वेगळी जेवणं करत होती. सासऱ्याच्या भाजीचा डाव वेगळा, पातेलं वेगळं, इतकंच काय, भाकरीचं पीठ मळायचं ताटसुद्धा वेगळं. "आई," ती एवढंच म्हणाली, "तुम्ही माझ्यावर असला आळ घेताय?"

"आळ नाय, डोकं चालवून बोलताय मी."

मृणाली उठली. फडताळातली मिठाची बरणी काढून तिने सासूच्या हातात दिली. "ही तुमच्याजवळ ठेवा. उद्यापासून बाबांचं तुम्हीच रांधा. मी त्या पातेल्याला हात लावणार नाय." आणि आत जाऊन तिने दार लोटलं. मितेश दुसऱ्या शिफ्टवरून परत आल्यावर त्याला हे कळलं आणि तो बिचारा आई आणि बायको यांच्यामध्ये उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला.

चंद्रावतीने बरणी आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. पुढचे दहा दिवस हिरामणचं अन्न तिने स्वतःच्या हाताने शिजवलं. मिठाचा कण जाऊ दिला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र नेहमीप्रमाणे काचेचं हॉटेल, सूप, सँडविच, ताक, आणि रात्रीसाठी दोन पुडे.

दहा दिवसांत पाय उतरायला हवे होते. उतरले नाहीत. चपलेचा पट्टा लागेनासा झाला. मंगळवारी नर्सने ब्लडप्रेशर मोजलं आणि पट्टा सोडून परत बांधून पुन्हा मोजलं, कारण तिचा आकड्यावर विश्वास बसेना. चंद्रावतीला काहीच उमगेना. आता तर रांधणारीही तीच आणि चाखणारीही तीच. तिने सुनेकडे नजर वर करून बघणं टाळलं, पण माफीचा शब्दही तोंडातून निघाला नाही. मान वाकवायची सवय नव्हती.

शुक्रवारी मितेशने परस्पर ठरवून टाकलं. "मृणाली येईल तुमच्यासोबत. सहीबिही आहे, एखादं शिकलेलं माणूस बरोबर पाहिजे." पेणपर्यंत दोघी गाडीत खिडकीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

हॉस्पिटलात चंद्रावती औषधांच्या खिडकीशी रांगेत होती, तेवढ्यात हिरामणचा नंबर लागून तो आत जाऊन बाहेरही आला. ती घाईघाईने डॉक्टरांच्या दारात गेली. "सही झाली काय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका नाही म्हणाले. म्हणाले, मशीन नको, आमच्या घरात विचार झालाय, बायकोचंही तेच म्हणणं आहे. तुम्ही मला हे आधी सांगायला हवं होतं, काकी. मी दोनपर्यंत आहे. विचार बदलला तर या." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

चंद्रावती तिथेच उभी राहिली. बायकोचं म्हणणं? कुठली बायको? कधी म्हणाली? ती बाहेर आली, तर हिरामण मृणालीला घेऊन रस्त्याला लागलाही होता, गोळ्यांची वेळ होत आली म्हणून. सुजलेल्या पायांनी तो हळूहळू, पण ठरल्या वाटेने चालला होता.

टेबलाशी बसताबसता तिने त्याला धरलं. "काय सांगितला तुमी डॉक्टरला? मी कवा बोल्ली मशीन नको?"

"खाऊ दे आधी," तो शांतपणे म्हणाला. "सूप निवल."

त्याचा तो शांतपणा बघून तिला भीतीच वाटली. पण सवयीचा हात, सूप आलं तसा चमचा उचलला गेला. एक घोट. डोळे मिटले. "अळणी हाय," ती म्हणाली आणि वाटी सरकवली.

मृणाली पहिल्यांदाच हे बघत होती. ती म्हणाली, "थांबा बाबा." वाटी आपल्याकडे ओढून तिने एक चमचा तोंडात घेतला. मग दुसरा घेतला. मग तिने सासूकडे असं पाहिलं, की चंद्रावतीला वाटलं, सुपात पाल पडलीय.

"आई, ह्यात मीठ हाय."

"नाय."

"हाय. भरपूर हाय. आपल्या आमटीत असतं त्याहून जास्त." तिने ताक चाखलं. "ह्यात तर विचारूच नका." सँडविच उघडून आतल्या चटणीला बोट लावलं. "सगळ्यात हाय, आई!"

"मना सांगतेस?" चंद्रावतीचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. "अगो, मी आगराचं पानी चाखून मिठाचा दिस सांगायची! मना मीठ नाय समजत?"

मृणाली भांडली नाही. उठून काउंटरवर गेली आणि पाण्याचे चार ग्लास आणि मिठाच्या पुड्या घेऊन आली. सासूला म्हणाली, तोंड फिरवा. एका ग्लासात काहीच टाकलं नाही. दुसऱ्यात चिमूटभर मीठ, तिसऱ्यात दोन चिमट्या, चौथ्यात अख्खी पुडी. ढवळलं, ग्लास इकडचे तिकडे केले आणि म्हणाली, "आता सांगा."

चंद्रावतीने पहिला ग्लास उचलला. घोट घेतला, डोळे मिटले, आगरात घ्यायची तसा वेळ घेतला. "कोरा."

दुसरा. "कोरा."

तिसरा. ती जरा थबकली. पुन्हा एक घोट घेतला. "कोराच हाय."

चौथा घेतल्यावर तिची भुवई हलली. "ह्यात जरासा हाय. असा... चिमूटभर."

मृणालीने रिकामी पुडी तिच्यापुढे ठेवली. "ह्यात ही अख्खी हाय, आई. आणि ह्या दोघांना तुम्ही कोरं म्हणालात, त्यांत पण मीठ हाय." तिने तिसऱ्या ग्लासाला बोट लावलं. "हा तर मला तोंडात धरवणार नाय."

काउंटरवरची ऋतुजा हातातला कागद तसाच धरून उभी होती. चंद्रावतीने चारही ग्लास पुन्हा चाखले. घाईघाईने, ओठांवरून पाणी ओघळेपर्यंत. पहिले तिन्ही तसेच. नळाचं पाणी. बोट बुडवून मीठ सांगणारी ती जीभ. जन्मभर मीठ खाऊन खाऊन ती कधी मेली, ते तिला कळलंही नव्हतं. कोंडीतल्या पाण्याएवढं खारं असेल तरच तिला आता काही कळत होतं. आणि त्या जिभेच्या भरवशावर ती दोन महिने, आठवड्यातून दोनदा, वर रात्रीचे पुडे, मोजूनमापून, जीव लावून, नवऱ्याला मीठ भरवत आली होती. तेल नाही, साखर नाही, असं बघून बघून. आणि आळ घेतला तो कुणावर!

"मृणाली," ती म्हणाली. "मी तुला... मीच..."

"राहू दे आई." पोरीचे डोळे भरले होते, पण तिने सासूचा हात धरला. "तुम्हाला कुठं माहीत होतं. जन्मभर मीठ खाल्लेली जीभ ती. बाबांची पण तशीच असणार. त्यांना तरी कसं कळावं?"

असं म्हणून तिने सहज, सांत्वन म्हणून, ते ग्लास सासऱ्यापुढे सरकवले. "बघा, बाबांना पण नाय सांगता येणार."

हिरामणने सूपकडे बघितलं, मग बायकोकडे. मग एकेक ग्लास उचलून त्याने फक्त ओठाला लावला. पहिला खाली ठेवत म्हणाला, "चिमूट." दुसरा. "ह्यात काय नाय." तिसरा. "दोन चिमट्या असतील." चौथा त्याने तोंडाजवळ नेला आणि मान फिरवली. "ह्यो पुडीचा."

चारही बरोबर.

मृणालीचा हात तोंडावर गेला. चंद्रावती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुमाला समजताय?" ती म्हणाली. "तुमाला मीठ समजताय?"

"चार म्हयनं घरात अळणी खाल्ला. जीभ धुवून निघाली," हिरामण म्हणाला. "आता भाकरीतली चिमूट पन समजते."

"आनी ह्या सुपातला?"

"पयल्या दिसापासना."

तिने टेबलाची कड धरली. "मंग बोल्ला कनाला नाय तुमी? मी बसून चाखताय, अळणी हाय बोलताय, खावा बोलताय, आनी तुमी गुपचूप खाताय? तोंड शिवला व्हता?"

हिरामणला तिच्या ओरडण्याचं नवल वाटलं असावं. तो हळूहळू बोलला, तिला आठवून देत असल्यासारखा. "मना वाटला, तुला म्हाईत हाय गो. आगरात तुझ्यासारखी जीभ कोनाची नव्हती. तुला नाय समजला असा कसा मानू मी? तू चाखायचीस, माझ्याकडं बघायचीस आनी बोलायचीस, अळणी हाय, खावा. मी मनात बोल्लो, ही जानूनबुजून देतेय. डॉक्टरपासना लपवून. पोरापासना लपवून." तो थांबला. "मना वाटला, तू आशा सोडलीस. आता हाय तवरा गोड खाऊ दे म्हाताऱ्याला, असा तुझ्या मनात आला असल. मना त्याचा राग नाय आला. उलट बरा वाटला. मी बोल्लो, हिनंच सोडला तर मी कनाला मशीनवर झोपू. म्हनून आज डॉक्टरला सांगितला, घरात इचार झालाय."

काउंटरच्या मागे कुठलं तरी यंत्र टिंगटिंग वाजत होतं आणि कुणी ते बंद करत नव्हतं. चंद्रावतीच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता. शेजारच्या पोरांनी खाणं थांबवलं. दोन महिने तिचा नवरा तिच्यासमोर बसून, तिच्या हातून, मरण घेत होता, आणि ते ती जाणूनबुजून देतेय असं समजून घेत होता. वाटी पुसून. वर तिचे उपकार मानून.

"मी आशा सोडली?" तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली. कुणी बघतंय याची तिला शुद्ध नव्हती. "अवो, मी तुमाला जगवाय आनते इथं! तुमी जगावा म्हनून त्या मोबाइलातल्या बाईसमोर रोज बसते मी! तुमी गेल्यावर मी काय करू, ह्या इचारानं मना झोप नाय लागत, आनी तुमी बोलता मी सोडला?"

हिरामण तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत तिने हे त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. त्यांच्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

"म्हंजे," तो म्हणाला, "मी रावाय पायजे तुला?"

कॉलर सोडून तिने नुसतीच मान हलवली, पुन्हा पुन्हा.

हिरामणने समोरचं घड्याळ पाहिलं. दोनला वीस मिनिटं कमी होती. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले, सुजलेल्या पायांवर भार टाकून उठला आणि सुनेचा खांदा धरला.

"चल गो पोरी," तो म्हणाला. "डॉक्टर जायच्या आत सही करून येव."